गाडीचा अल्टरनेटर बोटीला बसवू का?

वाचकाचं पत्र:

«माझी छोट्या केबिनची बोट आहे. आत चार सिलेंडरचं, कार्ब्युरेटरवालं पेट्रोल इंजिन आहे. अल्टरनेटर चार्जिंग करेनासा झालाय. माझा मेकॅनिक मोटारींची कामं करतो, माणूस हुशार आहे. तो म्हणतो, हे इंजिन मूळचं गाडीचंच, गाडीचा अल्टरनेटर बोल्टाला बोल्ट बसतो. बोटीचा म्हणून विकतात त्यात रंग वेगळा आणि किंमत तिप्पट, एवढाच फरक. ऑनलाइन शोधताना मला तिसराच एक सापडला, ‘मरीन ग्रेड, आयपी ६७’ लिहिलेला, किंमत दोन्हींच्या मधली. सेल्फ, डिस्ट्रिब्युटर, कॉइल, वायरिंग सगळंच जुनं आहे, म्हणून एकदाच सगळं बदलून टाकावं असं मनात आहे. यातलं गाडीचं काय चालेल, काय नाही? आणि नवा येईपर्यंत बॅटरी बाहेर चार्ज करून बोट चालवली तर?»

उत्तर:

तुमचा मेकॅनिक खोटं बोलत नाही. बोटींमधली बरीचशी पेट्रोल इंजिनं खरोखरच मोटारींच्या घराण्यातली असतात. जनरल मोटर्सचं ३.० लिटरचं चार सिलेंडर, ४.३ लिटरचं व्ही-६, ५.७ लिटरचं व्ही-८ ही इंजिनं मर्क्रूझर आणि व्होल्वो पेंटा या दोघांनीही वर्षानुवर्षं बोटींत बसवली. त्यामुळे गाडीचा अल्टरनेटर ब्रॅकेटवर बसेल, पट्टा लागेल, बॅटरीही चार्ज होईल. कदाचित बरेच दिवस काही होणारही नाही. तरीही बसवू नका.

इंजिन तेच असलं तरी ते कुठे बसलंय ते बघा. गाडीचं इंजिन खालून उघडं असतं. पेट्रोल गळलं तर रस्त्यावर पडतं आणि वाफ वाऱ्यावर निघून जाते. बोटीच्या इंजिनाखाली बोटीचा तळ असतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड, त्यामुळे ती वर न जाता बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या खोलगट भागात, उतरते आणि तिथेच साचून राहते. हवेत तिचं प्रमाण साधारण १.४ टक्के झालं की एक ठिणगी पुरते. त्यासाठी टाकी फुटायला लागत नाही. कार्ब्युरेटरची नीडल अडकून थोडं पेट्रोल ओसंडलं किंवा एखाद्या होजची क्लिप सैल झाली, तरी बंद कप्प्यात तेवढी वाफ जमू शकते. थंडीचा भरवसाही धरू नका, कारण पेट्रोल शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही पेटण्याजोगी वाफ सोडतं.

घरात गॅसचा वास आला तर आपण दिव्याच्या बटणाला हात लावत नाही. गाडीचा अल्टरनेटर बिल्जच्या वर बसवणं म्हणजे ते बटण सतत दाबत राहणं. त्याच्या आत कार्बन ब्रश स्लिप रिंगवर घासत असतात आणि बारीक ठिणग्या उडतात. अल्टरनेटर थंड राहावा म्हणून त्याच्या पुढच्या-मागच्या झाकणांना मोठ्या खिडक्या ठेवलेल्या असतात, आणि पंखा कप्प्यातली हवा त्या खिडक्यांतून ओढून थेट ब्रशांवरून नेतो. हवेत वाफ असली तर तीही त्याच वाटेने जाते.

ठिणगी बोटीच्या अल्टरनेटरमध्येही पडते, ही गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. फरक इतकाच की आत वाफ पेटली तरी ज्वाला बाहेर येऊ नये अशी त्याची बांधणी असते. ब्रशांचा भाग बंदिस्त असतो, उघड्या जागांवर बारीक जाळी असते, सांधे इतके अरुंद आणि लांब असतात की त्यातून बाहेर पडेपर्यंत ज्वाला थंड होऊन विझते. याला ‘इग्निशन प्रोटेक्टेड’ म्हणतात. याची परीक्षाही कडक आहे. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या नियमात ४.२५ ते ५.२५ टक्के प्रोपेन मिसळलेली हवा भागाभोवती भरून तो त्याच्या ठरलेल्या व्होल्टेजला आणि लोडला चालवायचा, आणि बाहेरचं मिश्रण पेटता कामा नये, अशी अट आहे. प्रोपेन अगदी सहज पेट घेतो तेच हे प्रमाण, म्हणजे परीक्षेत सवलत काही नाही. युरोपच्या बोटींच्या नियमांतही आत बसवलेल्या पेट्रोल इंजिनासाठी आणि पेट्रोल टाकीच्या जागेसाठी असेच भाग सक्तीचे आहेत. किंमत जास्त लागते ती या बांधणीची आणि चाचणीची.

आता तुमचा तो मधल्या किमतीचा. ‘मरीन ग्रेड’ हे शब्द कुणीही छापू शकतो, त्यामागे कुठलीही ठरलेली परीक्षा नाही. आयपी ६७ हे खरं मानांकन आहे, पण ते धूळ आणि पाण्याचं: धूळ अजिबात आत जाणार नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवलं तरी बिघडणार नाही. वाफ आणि ज्वाला यांचा त्यात विषयच नाही. शिवाय एक साधा प्रश्न विचारा: पंख्याने हवा ओढून थंड होणारा, झाकणांना खिडक्या असलेला अल्टरनेटर धूळबंद असेल कसा? विक्रेत्याने हे लिहिलं असेल तर त्याला एकतर मानांकन कळत नाही किंवा तुम्हाला कळत नाही असा त्याचा हिशोब आहे. मी तो घेणार नाही.

तुम्ही शोधायचं ते असं. भागावरच्या पट्टीवर, म्हणजे खोक्यावर नव्हे, ‘इग्निशन प्रोटेक्टेड’ हे शब्द किंवा तीनपैकी एका मानकाचा क्रमांक असावा: एसएई जे११७१, यूएल १५०० किंवा आयएसओ ८८४६. सोबत बनवणाऱ्याचं नाव आणि पार्ट नंबर. तो पार्ट नंबर बनवणाऱ्याच्या स्वतःच्या कॅटलॉगमध्ये मिळतो का ते बघा, विक्रेत्याच्या पानावर नाही. इंजिन कंपनीचाच भाग घ्यायला हवा असं मुळीच नाही. दुसऱ्या चांगल्या उत्पादकाचा, हाच शिक्का असलेला भाग बहुतेक वेळा स्वस्त पडतो आणि तितकाच सुरक्षित असतो. तुमचे पैसे वाचायची खरी जागा ही आहे.

पण थांबा. अल्टरनेटर गेलाय हे ठरवलं कुणी? बोटीत चार्जिंग बंद पडण्यामागे गंजलेलं कनेक्शन हे कारण निदान तितकंच नेहमीचं आहे. मीटर घ्या. इंजिनाचं झाकण उघडा, वास घ्या, ब्लोअर (कप्प्यातली हवा बाहेर फेकणारा पंखा) चालवा आणि मगच पुढे जा. काही तास विसावलेल्या चांगल्या बारा व्होल्ट बॅटरीवर १२.६ ते १२.७ दिसायला हवेत. इंजिन चालू करून थोडी रेस दिल्यावर बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४. तेवढे मिळाले नाहीत तर मीटरची काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हवर तशीच ठेवून लाल तार अल्टरनेटरच्या मोठ्या टर्मिनलवर लावा. तिथे १४.४ आणि बॅटरीवर १२.८ अशी तफावत दिसली तर अल्टरनेटर निर्दोष आहे, चोर मधल्या वायरीत किंवा बॅटरी स्विचमध्ये आहे. चावी फिरवल्यावर अल्टरनेटरला जागं करणारी जी बारीक वायर असते तिच्यावर व्होल्टेज येतं का तेही बघा. ती तुटली तर नवाकोरा अल्टरनेटरही झोपूनच राहील. पट्टा सैल असेल तर प्रश्नच मिटला. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून ‘टेस्ट’ करणारा कुणी भेटला तर त्याचा हात धरा: त्याने अल्टरनेटरमधले डायोड उडतात, वर कप्प्यात ठिणगीही पडते.

अल्टरनेटरच खराब निघाला, तर दुरुस्तीचा विचार नक्की करा. ब्रश, बेअरिंग, रेग्युलेटर हे बदलता येतात आणि मूळ बांधणी तशीच राहते. मात्र दुरुस्तीवाल्याला आधी सांगा की जाळ्या आणि झाकणं आहेत तशीच परत लागली पाहिजेत. हवा नीट खेळावी म्हणून जाळी काढून टाकणारे कारागीर आहेत, आणि त्यांना वाटतं आपण उपकारच केले. जाळी गेली, बॉडीला एखादं भोक पाडलं, मागचं झाकण गाडीचं बसवलं, की पट्टीवर काहीही लिहिलेलं असो, तो भाग संरक्षित उरत नाही.

नवा घेताना अँपिअरचा मोह आवरा. जुन्यावर जितके होते तितकेच घ्या, नाहीतर पुढची साखळी बदलावी लागते. साधारण १० मिलिमीटर रुंदीच्या एका व्ही-पट्ट्याला ७५-८० अँपिअरच्या पुढे झेपत नाही. पट्टा घसरतो, तापतो, काळी भुकटी उडते. शिवाय अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंतची जुनी वायर मोठ्या करंटला बारीक पडते. लिथियम बॅटरी टाकायचा बेत असेल तर आत्ताच सांगा, कारण ती इतका करंट ओढते की साधा अल्टरनेटर तापून जळतो, आणि तिच्या संरक्षण सर्किटने अचानक तोडलं तर डायोड जातात. त्याची मांडणी वेगळी करावी लागते. बोट ॲल्युमिनियमची किंवा पोलादी असेल तर निगेटिव्ह बॉडीपासून अलग असलेला प्रकार लागू शकतो. जुना तसा असेल तर नवाही तसाच घ्या.

सेल्फला हेच सगळं लागू, उलट थोडं जास्तच. तो इंजिनाच्या तळाशी, म्हणजे वाफ जिथे साचते तिथेच बसलेला असतो, आणि सुरू होताना शेकडो अँपिअर खेचतो. त्याचा कार्बनचा भाग गाडीत बऱ्यापैकी उघडा असतो, बोटीच्या सेल्फमध्ये सील केलेला. सेल्फला करंट देणारा वेगळा सोलेनॉइड असेल तर त्यावरही तोच शिक्का हवा. लोक सेल्फ बरोबर घेतात आणि सोलेनॉइड गाडीचा लावतात. फिरण्याची दिशा जुन्याशी जुळवून घ्या. दोन इंजिनांच्या बोटीत एक इंजिन उलट फिरणारं असू शकतं, आणि जुने सेल्फ विकायला येतात ते कुठल्या इंजिनावरून उतरलेत हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

डिस्ट्रिब्युटरमध्ये दोन सापळे आहेत. पहिला ठिणगीचा, तो तुम्हाला आता कळलाच आहे: आत प्रत्येक स्पार्कला ठिणगी पडते, आणि बोटीच्या डिस्ट्रिब्युटरच्या हवेच्या भोकांवर ज्वाला अडवणारी जाळी असते. दुसरा सापळा आग लावत नाही, इंजिन मारतो. गाडी बहुतेक वेळ हलक्या लोडवर चालते, बोट मात्र सतत चढण चढत असल्यासारखी पूर्ण लोडवर. म्हणून रेस वाढेल तसं टायमिंग किती पुढे सरकायचं याचा हिशोब दोघांचा वेगळा असतो. गाडीचा डिस्ट्रिब्युटर लावलात आणि टायमिंग गरजेपेक्षा पुढे गेलं, तर इंजिन आतून ठोके देतं. उघड्या पाण्यावर, एक्झॉस्टच्या आवाजात ते ऐकू येत नाही, आणि पिस्टन जळतो. कॅपची मात्र एक गंमत: गाडीच्या स्वस्त कॅपमध्ये ॲल्युमिनियमची टोकं असतात आणि दमट हवेत ती पांढरी पडतात. पितळी टोकांची घ्या.

कॉइल घेताना जुन्याला रेझिस्टर लागत होता का ते बघा. रेझिस्टरवाली कॉइल थेट बारा व्होल्टवर जोडली तर डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट जळतात, कॉइल तापते. प्लगच्या वायरींना दोन्ही टोकांना घट्ट बसणारी रबरी टोपी हवी. इंजिन कंपनीने सांगितलेल्याच नंबरचे स्पार्क प्लग कुठूनही घ्या, तिथे बोटीच्या नावाने जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. विजेवर चालणारा पेट्रोल पंप, बिल्ज पंप आणि त्याचा फ्लोट स्विच, ब्लोअर, बॅटरी स्विच, सर्किट ब्रेकर, ट्रिमचे रिले: यातलं जे जे त्या कप्प्यात आहे त्या प्रत्येकावर शिक्का बघा. विषय विजेचा असला तरी जाता जाता सांगतो, गाडीचा कार्ब्युरेटरही त्याच मेकॅनिकच्या हातात दिसला तर नको म्हणा. बोटीचा कार्ब्युरेटर ओसंडला तर पेट्रोल आतच घेतो. गाडीचा बाहेर सांडू शकतो.

तापमानाचा किंवा ऑइल प्रेशरचा सेंडर, म्हणजे गेजला माप कळवणारा इंजिनावरचा भाग, बदलायचा असेल तर तिथे ठिणगीपेक्षा ओहमचा गोंधळ जास्त. ऑइल प्रेशरचंच बघा: अमेरिकी पद्धतीचे गेज साधारण २४० ते ३३ ओहमवर चालतात, युरोपीय पद्धतीचे १० ते १८० वर. दिसायला सारखा, आटे तेच, पण काटा खोटं बोलेल. इंजिन तापलेलं असेल आणि गेज म्हणेल सगळं ठीक.

वायरिंगवर मी कंजूषी करू देणार नाही. बारीक तारांच्या अनेक पदरांची, प्रत्येक पदराला कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची वायर घ्या. बोटीच्या वायरीचं मानक यूएल १४२६ आहे आणि ते वायरीवरच छापलेलं असतं. साध्या तांब्यात ओलावा केशाकर्षणाने इन्सुलेशनच्या आत फूटभर चढतो आणि वायर आतून काळी होते, बाहेरून दिसत नाही. शिवाय गाडीच्या एसएई मापाच्या वायरीत त्याच नंबरच्या बोटीच्या वायरीपेक्षा तांबं सहा ते बारा टक्के कमी असतं. टोकं क्रिंप करा, रिंगची वापरा, वर चिकट अस्तराची हीट-श्रिंक नळी चढवा. नुसत्या सोल्डरवर कनेक्शन सोडू नका, कंपनाने वायर सोल्डर संपतो तिथेच तुटते. आणि बॅटरीकडून निघणाऱ्या प्रत्येक पॉझिटिव्हला बॅटरीजवळच फ्यूज. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकात मूळ अंतर ७ इंचांचं आहे, नळीतून नेलेल्या वायरीला त्यात सवलत मिळते. सेल्फची जाड केबल या नियमातून वगळलेली आहे, अल्टरनेटरची वायर वगळलेली नाही. ती बहुतेक जुन्या बोटींत विनाफ्यूज सापडते.

तुमच्यासारखंच विचारणारे डिझेलवाले आणि आउटबोर्डवाले, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर टांगलेलं इंजिन असलेले, वाचतच असतील. डिझेलची वाफ साधारण ५२ अंशांच्या वर तापल्याशिवाय पेटण्याजोगी होत नाही, म्हणून तिथे हा शिक्का सहसा सक्तीचा नसतो, गंज आणि ओलाव्याचे प्रश्न मात्र तेच. पण त्याच बोटीत पेट्रोलचा जनरेटर असेल, किंवा आउटबोर्डची पेट्रोल टाकी त्या कप्प्याला लागून असेल, तर डिझेलची सवलत विसरा. स्वयंपाकाचा गॅससुद्धा हवेपेक्षा जड असतो. आउटबोर्ड इंजिन मोकळ्या हवेत असतं. तिथे स्टेटर, सीडीआय (ठिणगी देणारं इलेक्ट्रॉनिक युनिट), रेग्युलेटर हे त्या मॉडेलचेच लागतात, त्यामुळे गाडीच्या भागाचा मोह फारसा पडत नाही.

ब्लोअर आहे ना, मग काय बिघडतं, असं तुमचा मेकॅनिक आता म्हणेल. इंजिन सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर चालवायचा हा नियम पाळाच, आणि त्यानंतरही नाकाने खात्री करा. पण इंजिन सुरू करण्याआधी साचलेली वाफच त्याला काढता येते. तासाभराने, चालत्या इंजिनावर होज फुटली तर तेव्हा वाचवते ती ठिणगी पाडणाऱ्या भागाची बांधणीच.

सगळं एकदम बदलायची घाई नको. जे चालतंय आणि ज्यावर शिक्का आहे ते राहू द्या. आधी एक टॉर्च आणि आरसा घेऊन कप्प्यात बघा: आधीच्या मालकाने एखादा गाडीचा भाग आधीच घातलेला असू शकतो. वापरलेल्या बोटींत हे इतकं नेहमीचं आहे की मी तरी कागदपत्रांपेक्षा भागांवरच्या छापील पट्ट्यांवर विश्वास ठेवतो. सापडला तर पैसे त्या भागावर आधी खर्च करा, मग वायरिंगवर, बाकीचं पुढच्या हंगामात.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. हो, नवा अल्टरनेटर येईपर्यंत बॅटरी बाहेर चार्ज करून जवळच्या जवळ, दिवसाउजेडी फिरता येईल. इग्निशन थोडेच अँपिअर घेतं. ब्लोअर, दिवे, रेडिओ, पंप मिळून जास्त घेतात. दुसरी चार्ज केलेली बॅटरी सोबत असावी आणि स्विचने वेगळी ठेवलेली. डायोड शॉर्ट झालेला अल्टरनेटर बंद असतानाही बॅटरी पितो आणि तापतो, म्हणून त्याची जाड वायर बॅटरीकडच्या टोकाला सोडवा, टोक इन्सुलेट करून बांधून टाका. फक्त अल्टरनेटरकडून सोडवली तर जिवंत टोक कप्प्यात लोंबकळत राहतं. बेअरिंग आवाज करत असेल तर मात्र बोट बाहेर काढू नका. पट्टा काढून चालवू म्हणाल तर आधी तो कुठून कुठे जातो ते पाहा: बऱ्याच इंजिनांवर तोच पट्टा पाणी फिरवणारा पंपही चालवतो.